एडी लिओनिस: मंगळवारी रात्री दिसलेली वाढ खरा फ्लेअर की अल्जीबाचा सांडलेला उजेड?

फलटणची_आत्या

नमस्कार मंडळी. मी फलटण तालुक्यात राहते, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. संक्रांतीपासून एकाच ताऱ्याच्या मागे लागले आहे, सिंह राशीतला एडी लिओनिस. लाल बटू तारा, अंतर १६ प्रकाशवर्षं, प्रत ९.४ च्या आसपास (आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी). १९४९ मध्ये लिक वेधशाळेत कॅथरीन गॉर्डन आणि जेराल्ड क्रॉन यांनी त्याचा पहिला फ्लेअर, म्हणजे अचानक भडकून उतरणारी ज्वाला, टिपला, तेव्हापासून तो या जातीच्या ताऱ्यांमधला सगळ्यात जास्त न्याहाळला गेलेल्यांपैकी एक आहे.

मी हाच का निवडला तेही सांगते. सगळे प्रॉक्झिमाबद्दल, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याबद्दल, बोलतात, पण आमच्या गच्चीवरून प्रॉक्झिमा जास्तीत जास्त नऊ अंश वर येतो, म्हणजे समोरच्या उसाच्या शेंड्यांत. एडी लिओनिस मात्र अगदी डोक्यावरून जातो, माथ्यापासून दोन अंशसुद्धा दूर नाही. हवेचा थर सगळ्यात पातळ जिथे, तिथे हा तारा. असं नशीब युरोपातल्या निरीक्षकांना नाही.

सामान: आठ इंची न्यूटोनियन, फोकल लेंग्थ १००० मिलिमीटर, मोटरचं विषुववृत्तीय माउंट, मोनो कॅमेरा. बी (निळ्या) फिल्टरमध्ये १५ सेकंदांच्या फ्रेम, दर पाच फ्रेमनंतर एक व्ही (हिरवट-पिवळ्या) फिल्टरमध्ये. आजवर १३ रात्री आणि ४१ तास झाले. दोन वेळा जराशी उचल दिसली होती, पण ती खरखरीतून वेगळी काढता येईना.

आता परवाची, १७ मार्चची रात्र. पाडवा दोन दिवसांवर, चंद्र नाही. माझी नववीतली पुतणी लॅपटॉपवर आलेख बघत शेजारी बसली होती. रात्री १०:४१ ला ती म्हणाली, "आत्या, हा वर चाललाय." मी आधी तुलनाताऱ्यांच्या (त्याच फ्रेममधल्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांच्या) रेषा पाहिल्या, त्या सपाट. एडी लिओनिस मात्र तीन फ्रेममध्ये तेजात ०.३१ प्रत वर गेला आणि मग हळूहळू उतरत साधारण १६ मिनिटांत जागेवर आला. माझ्या हातापायाला खरंच कंप सुटला होता.

पण रात्री दोनला अंथरुणावर पडले आणि शंका सुरू झाल्या. गॅमा लिओनिस, म्हणजे अल्जीबा, या ताऱ्यापासून फक्त पाच कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे आणि त्याची प्रत २. माझ्या फ्रेममध्ये तो पांढराफटक जळलेला दिसतो. त्याचा उजेड माझ्या ताऱ्यावर सांडला नसेल कशावरून? शिवाय त्या संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या शेतात पाचट पेटवलं होतं. धूर आला असेल का?

एएव्हीएसओला, म्हणजे तेज बदलणाऱ्या (रूपविकारी) ताऱ्यांच्या नोंदी जमवणाऱ्या अमेरिकन संस्थेला, नोंद पाठवायची आहे, पण चुकीची पाठवायची नाही. एकदा गेलेली नोंद कुणीतरी पुढे वापरतं. ही वाढ ताऱ्याचीच आहे हे कसं तपासायचं?

---

गच्चीवरून_डोंबिवली

अभिनंदन ताई! उपग्रह किंवा विमान हा विचार काढून टाका. ते एका फ्रेममध्ये रेघ ओढून जातात, १६ मिनिटं थांबत नाहीत. मेरिडियन फ्लिप (तारा मध्यमंडळ, म्हणजे माथ्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडताना दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला वळवणं) कधी झाला? मी एकदा फ्लिपनंतरची उडी फ्लेअर समजून बसलो होतो.

---

भट्टीवाले_काका

ताई, प्रश्न योग्य विचारलात. मी नाशिकला आयटीआयमध्ये २६ वर्षं वेल्डिंग शिकवलं आणि रूपविकारी तारे त्याहून जास्त वर्षं बघतोय. मला जे सुचतं ते सांगतो.

फ्लिपची काळजी नको. सतरा मार्चला तुमच्याकडे हा तारा मध्यमंडळावर सव्वाअकराच्या जरा आधी येतो. तुमची वाढ पावणेअकराला सुरू होऊन अकराच्या आत संपली. दुर्बीण पूर्ण वेळ एकाच बाजूला होती.

धुराचं म्हणाल तर धूर उजेड खातो, आणि खातो तो सगळ्या ताऱ्यांचा. तुलनातारे सपाट राहिले म्हणता, तर दाट धूर नव्हता. मात्र पातळ धुराचा दुसरा उपद्रव असतो. तो तेजस्वी ताऱ्याभोवती प्रभामंडळ फुगवतो. अल्जीबा निळ्यात तुमच्या ताऱ्याच्या हजारपटीहून जास्त तेजस्वी आहे. त्याच्या प्रभामंडळाचा उतार तुमच्या अपर्चरखालून (मोजणीच्या वर्तुळाखालून) गेला आणि मधेच बदलला, तर नुसती पार्श्वभूमी वजा करून तो पुरता निघत नाही. तुमची शंका म्हणून रास्त आहे.

याला दोन कसोट्या आहेत. दोन्ही लावा, कारण त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत.

पहिली कसोटी जागेची. एडी लिओनिस अल्जीबाच्या पश्चिमेला आणि किंचित उत्तरेला आहे. अल्जीबाच्या बरोबर उलट बाजूला, तेवढ्याच अंतरावर, पूर्वेला आणि किंचित दक्षिणेला एक रिकामी जागा निवडा. तिथे तारा नाही याची खात्री करा. त्या रिकाम्या जागेवर तेवढंच अपर्चर ठेवून त्या रात्रीच्या सगळ्या फ्रेम मोजा. प्रभामंडळ फुगलं असेल तर ते एका बाजूला फुगत नाही, दोन्हीकडे फुगतं. मग रिकाम्या जागेचा आलेखही १०:४१ ला उचललेला दिसेल. न्यूटोनियनच्या स्पायडरमुळे (दुय्यम आरसा धरणाऱ्या पट्ट्यांमुळे) तेजस्वी ताऱ्याभोवती दिसणारे चार आरेसुद्धा समोरासमोर असतात, त्यामुळे एखादा आरा ताऱ्यावरून गेला असला तरी त्याचा जोडीदार त्या रिकाम्या जागेवरून जाईल. अल्जीबा फ्रेममध्ये आहे म्हणून तुम्ही हळहळताय, पण ही कसोटी तो फ्रेममध्ये आहे म्हणूनच करता येते.

दुसरी कसोटी रंगाची, आणि मला ती जास्त आवडते. भट्टीतून लालभडक पत्रा काढा आणि त्याच्या कोपऱ्यावर वेल्डिंगचा आर्क लावा. आर्क आकाराने मुगाच्या दाण्याएवढा, पण निळ्या काचेतून पाहिलंत तर पत्रा जवळजवळ दिसेनासा होतो आणि आर्क डोळ्यात घुसतो. लाल काचेतून पाहिलंत तर पत्राही चांगला उजळ दिसतो, आर्कचा तोरा कमी होतो. इथेही तसंच. ताऱ्याचा पृष्ठभाग ३४०० केल्विनच्या आसपास आणि फ्लेअरचा तापलेला ठिपका ९ ते १० हजार. म्हणून फ्लेअर निळ्यात मोठा आणि तांबड्याकडे जावं तसा लहान होत जातो.

आता आकडा काढू. एडी लिओनिसचा बी वजा व्ही (दोन फिल्टरमधल्या प्रतींतला फरक, जितका मोठा तितका तारा लाल) १.५ च्या थोडा वर आहे आणि एवढ्या तापलेल्या ठिपक्याचा शून्याच्या जवळ. म्हणजे बी मध्ये ०.३१ वाढ असेल तर व्ही मध्ये साधारण ०.०८ दिसायला हवी. उलट, हा अल्जीबाचा उजेड असेल तर? अल्जीबा स्वतः नारिंगी आहे, त्याचा बी वजा व्ही १.१५ च्या आसपास. त्याचा उजेड सांडला तर व्ही मध्येही ०.२२ च्या आसपास वाढ दिसेल. ०.०८ आणि ०.२२ यांत तुमच्या आठ इंचीला सहज फरक करता येतो. दर पाच फ्रेमनंतर एक व्ही घ्यायचं तुम्हाला सुचलं, ते इथे कामी आलं.

दोन्ही करून इथेच लिहा. वाट बघतो.

---

फलटणची_आत्या

काका, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. काल पाडव्याची गुढी उतरवली, देवापुढे दिवा लावला आणि दोघी जणी मोजायला बसलो.

रिकामी जागा पुतणीने शोधली. तिथे खरोखर तारा नाही, ताऱ्यांच्या नकाशाशीही ताडून पाहिलं. साडेनऊपासून साडेअकरापर्यंतच्या सगळ्या बी फ्रेम मोजल्या. रेषा थोडी थरथरते, पण १०:४१ ला तिथे काही नाही. दहाच्या सुमाराला मात्र दोन्ही बाजूंना बारीकशी सूज दिसते. तो बहुधा पाचटाचा धूर, आणि तो फ्लेअरच्या आधी अर्धा तास निवळला होता. ही सूज एरवी आमच्या लक्षातही आली नसती.

मग व्ही. शिखराला लागूनच एक व्ही फ्रेम होती. त्यात वाढ ०.०७ आली. त्यानंतरच्या व्ही फ्रेममध्ये ०.०३, आणि मग काहीच नाही.

०.०७ हा आकडा स्क्रीनवर आला तेव्हा पुतणी काही बोलली नाही. तिने फक्त तुमचा ०.०८ वहीत लिहिला होता त्याच्याखाली रेघ मारली.

तिचे दोन प्रश्न आहेत. एक, हा फ्लेअर केवढा होता? दोन, या ताऱ्याला ग्रह आहे का, आणि असला तर तिथे काय होत असेल?

---

वर्णपट_वाचते

आत्या (मीही आत्याच म्हणते), मस्त काम! मी जर्मनीत पीएचडी करते आहे, याच जातीच्या ताऱ्यांचे वर्णपट हा माझा विषय. मूळची कोल्हापूरची. पुतणीच्या प्रश्नांसाठी खास वेळ काढून लिहिते आहे.

केवढा होता. शिखर साधारण ३३ टक्के वाढीचं आणि उतार काही मिनिटांचा. आलेखाखालचं क्षेत्रफळ काढलं तर ते असं वाचायचं: हा तारा शांत असताना बी मध्ये शंभरेक सेकंदांत जेवढा प्रकाश देतो, तेवढा जादा प्रकाश या फ्लेअरने दिला. अंतर माहीत असल्यामुळे ऊर्जा काढता येते. ढोबळमानाने ती १० च्या ३१ व्या घाताच्या काही पट अर्ग (ऊर्जेचं एकक) येते, आणि ही फक्त बी फिल्टरमधली. म्हणजे सूर्यावरच्या मोठ्या ज्वालांच्या तोडीची घटना, तीही सूर्याच्या निम्म्याहून कमी वस्तुमानाच्या ताऱ्यावर. आणि या ताऱ्यासाठी ती काही विशेष नाही. १२ एप्रिल १९८५ ला याच ताऱ्यावर जो फ्लेअर झाला तो चार तासांहून जास्त चालला, अतिनील कडेच्या यू फिल्टरमध्ये तारा साडेचार प्रतींनी उजळला आणि बाहेर पडलेली ऊर्जा १० च्या ३४ व्या घाताएवढी अर्ग होती. त्या रात्री कुणी यू फिल्टर लावून बसलं असेल तर त्याला तारा साठ पट उजळलेला दिसला असेल.

हे सगळं येतं चुंबकत्वातून. चुंबकीय क्षेत्रात अणूंच्या वर्णरेषा फाटतात, त्याला झीमन परिणाम म्हणतात. अवरक्तात ही फाट जास्त रुंद दिसते, म्हणून मी तिकडेच काम करते. १९८५ मध्येच सार आणि लिन्स्की यांनी एडी लिओनिसच्या रेषा मोजल्या: ३८०० गॉस, आणि तेही पृष्ठभागाच्या ७३ टक्क्यांवर. आता याची तुलना करून पाहा. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास, तेवढ्यावर होकायंत्राची सुई फिरते. सूर्यावर एवढं क्षेत्र फक्त डागांच्या आत असतं, आणि डाग म्हणजे सूर्याच्या चेहऱ्यावरचे तीळ. या ताऱ्याचा पाऊण चेहरा तसा आहे. मी पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.

एवढं क्षेत्र टिकतं कसं? एक कारण फिरण्याचा वेग. सूर्याला एक फेरी घ्यायला २५ दिवस लागतात, याला २.२३ दिवस. दुसरं कारण आतली घुसळण. सूर्यात फक्त बाहेरचा थर उकळतो. सूर्याच्या साधारण ३५ टक्क्यांहून हलके तारे गाभ्यापासून वरपर्यंत सगळेच उकळतात. एडी लिओनिस त्या सीमेच्या जरासाच वर आहे, आणि म्हणूनच आम्हा लोकांना तो इतका प्रिय आहे. दोन प्रकारच्या डायनामोंच्या (चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या यंत्रणांच्या) उंबऱ्यावरचा तारा आहे तो. शिवाय आपण त्याला जवळजवळ ध्रुवावरून बघतो. त्यामुळे ध्रुवाजवळचे डाग कधी मावळतच नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत या ताऱ्याचं मोठ्या प्रमाणावरचं (पूर्ण ताऱ्याच्या पातळीवरचं) चुंबकीय क्षेत्र वर्षागणिक बदलताना दिसलं, त्याचा चुंबकीय अक्ष फिरण्याच्या अक्षापासून कलू लागल्याच्या खुणा मिळाल्या. सूर्याची चुंबकीय उलथापालथ ११ वर्षांनी होते. याचं काय होणार ते अजून आपण पाहतोच आहोत.

ग्रहाची गोष्ट पुतणीला नक्की आवडेल. २०१८ मध्ये एका गटाने सुचवलं की या ताऱ्याभोवती २.२३ दिवसांत फेरी मारणारा एक मोठा ग्रह असावा, कारण तारा त्या तालावर मागेपुढे डुलताना दिसतो. आकडा ओळखीचा वाटतो का? तो ताऱ्याच्या स्वतःच्या फेरीचा काळ आहे. मग २०२० मध्ये दुसऱ्या गटाने हाच ताल दृश्य प्रकाशात आणि अवरक्तात एकाच वेळी मोजला. ग्रह ओढत असेल तर तारा दोन्हींत सारखाच डुलायला हवा, कारण ओढीला रंग नसतो. अवरक्तात डुलणं तसं दिसलंच नाही. ते डाग होते, ताऱ्याबरोबर फिरणारे. म्हणजे काकांनी तुम्हाला जी रंगाची कसोटी सांगितली, तिनेच तो ग्रह खोडून निघाला.

ग्रहावर काय होत असेल, याचं उत्तर प्रॉक्झिमाकडे जास्त आहे, कारण तिथे ११.२ दिवसांच्या कक्षेत ग्रह खरोखर आहे. १ मे २०१९ ला हबलसह अनेक दुर्बिणी एकाच वेळी प्रॉक्झिमाकडे लावल्या होत्या. दूरच्या अतिनीलात तारा काही सेकंदांत १४ हजार पट उजळला. दृश्य प्रकाशात मात्र वाढ अगदी किरकोळ होती. तुम्ही बी मध्ये ०.३१ पाहिलंत, तेव्हा अतिनीलात तिथे काय चाललं असेल याचा अंदाज करा.

---

खोडदकर

नमस्कार. मी खोडद-नारायणगावचा, आमचं टोमॅटोचं शेत आहे आणि शेताच्या बांधावरून जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात. लहानपणापासून त्या मान वळवताना बघतोय. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. कुठे बघतायत ते कळत नसे, म्हणून मी वाचायला लागलो.

तुमच्या ताऱ्याकडेही त्या बघून झाल्या आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुधारित जीएमआरटीने ५५० ते ८५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एडी लिओनिसवरून आलेला टाइप-४ जातीचा रेडिओ स्फोट नोंदवला. सूर्यावर असा स्फोट होतो तेव्हा बहुतेक वेळा वायूचा मोठा लोट अवकाशात फेकला गेलेला असतो, आणि मागे राहिलेल्या चुंबकीय कमानींत इलेक्ट्रॉन अडकून रेडिओ लहरी सोडत राहतात. लाल बटूंवर असे लोट थेट दिसत नाहीत, म्हणून रेडिओचा हा पुरावा मोलाचा.

म्हणजे फलटणच्या गच्चीवरून तुम्ही ज्याचा उजेड बघता, त्याचीच आरोळी आमच्या गावात ऐकली गेली आहे. माझी एक विनंती. नोंद पाठवताना वेळ जागतिक वेळेत आणि सेकंदापर्यंत द्या, लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी जुळवून घ्या. कधी रेडिओवाल्यांची वेळ तुमच्या वेळेशी जुळली तर त्या सेकंदांनाच महत्त्व असतं. आणि पुढच्या २८ फेब्रुवारीला पुतणीला घेऊन या. विज्ञान दिनाला जीएमआरटी लोकांसाठी खुलं असतं, प्रदर्शन भरतं, शाळांची पोरं ट्रक भरून येतात. जेवायला आमच्याकडे.

---

भट्टीवाले_काका

०.०७ वाचून समाधान वाटलं. नोंद पाठवा. टिपणीत रिकाम्या जागेची कसोटी केल्याचं जरूर लिहा, म्हणजे अल्जीबाची शंका पुढे कुणाला येणार नाही.

एक सुधारणा सुचवतो. यापुढे एडी लिओनिसला फ्रेमच्या पूर्वेच्या कडेशी आणा, म्हणजे अल्जीबा फ्रेमच्या बाहेर जाईल. कडेला फ्लॅट (फ्रेममधला असमान उजेड सुधारायला घेतलेल्या एकसारख्या उजेडाच्या फ्रेम) नीट घ्यावे लागतील, संध्याकाळच्या आकाशाचे घ्या. रात्रीतून एकदा, दहा मिनिटांसाठी, त्याला परत आत आणून रिकाम्या जागेची मोजणी करून ठेवा. आणि नळी रिंगमध्ये फिरवून घ्या, म्हणजे स्पायडरचा आरा ताऱ्यापासून लांब राहील. एकदा फिरवलीत की तिथे पेन्सिलची खूण करा.

---

फलटणची_आत्या

नोंद पाठवली. सुरुवात १७:११ जागतिक वेळ, सेकंदांसह. निरीक्षकांची नावं दोन लिहिली, माझं आणि पुतणीचं. तिच्या आईला, म्हणजे माझ्या वहिनीला, हे अजून खरं वाटत नाहीये. ती म्हणते, "पोरगी रात्री बारापर्यंत जागी राहते ते तारा भडकतो की नाही हे बघायला?" आज तिलाही गच्चीवर बोलावलंय.

नळी फिरवून झाली, पेन्सिलची खूणही केली. खोडदकर, २८ फेब्रुवारी वहीत लिहून ठेवली आहे, जेवणाचं आमंत्रणही. कोल्हापूरच्या ताई, २.२३ दिवसांची गोष्ट मी सोमवारी अकरावीच्या वर्गात सांगणार आहे.

आता सगळ्यांना विचारते. आज आणि उद्या रात्री ९:१५ ते १२:३० मी बी फिल्टरमध्ये १५ सेकंदांच्या फ्रेम घेणार आहे. चंद्राची कोर लवकर मावळते, आकाश सध्या मोकळं आहे, ओढ्यापलीकडचं पाचट संपलंय. नाशिक, डोंबिवली, कुठूनही कुणी त्याच वेळेत एडी लिओनिस लावेल का? सहा इंचीसुद्धा चालेल, बी फिल्टर नसेल तर कुठलाही निळा चालेल. दोन गावांतून एकच फ्लेअर एकाच सेकंदाला वर जाताना मला बघायचा आहे.